डिचोलीच्या पडवीतला लेथ

(दृश्य: चिऱ्यांची भिंत, मंगळुरी कौलं, पडवीच्या टोकाला उभा लेथ)

हा साडेचार फुटी लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून तो टूलनं कापणारं यंत्र. कोन पुलीचा (वेग बदलायची पायऱ्यापायऱ्यांची पुली), बेल्टवर चालणारा, बिडाच्या बेडचा (बाकीचे भाग ज्यावर बसतात तो लांब सांगाडा). डिचोली तालुक्यातल्या एका घराच्या मागच्या पडवीत तो उभा आहे. विहिरीवरच्या पंपाचं बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) असो की शेजाऱ्याच्या पॉवर टिलरची पिन, सगळं इथेच होतं. याआधी तो बार्ज दुरुस्तीच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये होता. डिचोली-सत्तरीच्या खाणींवरचं खनिज मांडवीतून बार्जनं मुरगाव बंदराकडे जायचं, आणि त्या बार्जांचे शाफ्ट, बुश, पिना यांच्यावर अशी वर्कशॉपं चालायची. २०१२ साली खाणी थांबल्या, काम आटलं, मशीन विकायला निघालं.

विकत घेणारे काका स्वतः टर्नर. आयटीआय करून सारी उमर लेथवर काढलेली. मशीन घरी आल्यावर त्यांनी नवा चक (कापायचा तुकडा पकडणारा जबडा) घेतला नाही की डिजिटल रीडआउट (आकड्यात माप दाखवणारा पडदा) लावला नाही. आधी पडवीची लादी उखडली.

(दृश्य: काँक्रीटचा ओटा, फाउंडेशन बोल्ट, पायाखालच्या शिम, म्हणजे पत्र्याच्या पातळ पट्ट्या)

जुन्या लेथचं कौतुक करणारे बहुतेक जण मशीनकडे बघतात, त्याच्या पायांकडे नाही. मला वाटतं, घरच्या वर्कशॉपमधली निम्मी दुखणी तिथेच असतात. बीड कडक असतं हे खरं, पण लादी एका कोपऱ्यात दबली की बेडला पीळ बसतो. डोळ्यांना तो दिसत नाही. जॉबवर, म्हणजे कापलेल्या तुकड्यावर, मात्र दिसतो. स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा, आपल्या जागी सरळ फिरत असतो आणि टूल त्याच्याशी समांतर न जाता तिरकं जातं, म्हणून सळई एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघते.

पीळ शोधायची पद्धत जुनी आहे आणि तिला महागडं उपकरण लागत नाही. चकमध्ये पंचवीस मिलिमीटर जाडीची सळई धरायची, दीडशे मिलिमीटर बाहेर ठेवायची. टेलस्टॉकचा (चकसमोर, बेडच्या दुसऱ्या टोकाला असतो तो) आधार द्यायचा नाही. मधला भाग थोडा खाली उतरवून दोन्ही टोकांना एकेक कडं राखायचं. मग टूलला धार लावून, क्रॉस स्लाइडला (टूल आत-बाहेर नेणारा भाग) हात न लावता, दोन्ही कड्यांवर एकच हलका कट मारायचा. हलकाच, कारण जोराचा कट मारला तर सळईच वाकते आणि मशीनवर नाहक आळ येतो. शेवटी मायक्रोमीटरनं दोन्ही कडी मोजायची.

(दृश्य: मायक्रोमीटरचा रॅचेट, टिकटिक आवाज)

टेलस्टॉककडचं कडं जाड निघालं, तर टेलस्टॉककडचा पुढचा, म्हणजे आपल्या बाजूचा पाय शिम घालून किंचित उचलायचा. बारीक निघालं, तर तो पाय खाली घ्यायचा. बोल्ट आवळायचे, पुन्हा कट, पुन्हा माप. मायक्रोमीटर व्यास दाखवतो, म्हणजे टूल जितकं सरकलं त्याच्या दुप्पट. शिम निवडताना हे लक्षात ठेवावं लागतं. एवढ्या लांबीवर एक-दोन शतांश मिलिमीटरचा फरक राहिला, तर घरच्या कामाला पुष्कळ झालं. हे सगळं होईपर्यंत टेलस्टॉकला हात लावू नये. त्याचं सेंटर जुळवणं हे वेगळं काम आहे आणि ते नंतरचं आहे.

काकांबरोबर त्यांचा पुतण्या काम शिकतो. क्रॉस स्लाइडची गिब (ढिलेपणा काढणारी पट्टी) आवळताना तो विचारतो, “काका, अजून थोडं आवळू?”

“नको रे. हँडल फिरवून बघ. हाताला जरा जड लागलं, पण कुठे अडकलं नाही, की थांब. मग चेकनट मारून पक्कं कर.”

कॅरेज (बेडच्या लांबीनं टूल नेणारा भाग) मात्र याला दाद देत नाही. कुठल्याही जुन्या लेथचा बेड चकजवळ जास्त झिजलेला असतो, कारण कामं तिथेच होतात. तिथे कॅरेज ढिली वाटते म्हणून खालच्या पट्ट्या आवळल्या, तर टेलस्टॉककडे ती जाम होते. म्हणून ॲडजस्टमेंट न झिजलेल्या भागात करायची आणि चकजवळचा ढिलेपणा गृहीत धरायचा. त्यावरचा खरा इलाज म्हणजे बेड ग्राइंड करणं, किंवा ब्ल्यू (उंच जागा दाखवणारा निळा रंग) लावून हातानं स्क्रेप करणं, म्हणजे खरवडणं.

(दृश्य: मिरगाचा पाऊस, पागोळ्या)

आता हवेचं. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि चार महिने भिंतींचे चिरे ओले राहतात. बिडाचा बेड रात्री गार होतो, सकाळी हवा तापते, दमट होते, पण एवढं वजन लगेच तापत नाही. त्या गार बिडावर दव धरतं. वरून प्लास्टिक टाकलं तर ओल आतच कोंडते आणि चतुर्थीपर्यंत बेडवर तांबूस ठिपके उठतात. म्हणून इथे प्लास्टिक नाही. बेडवर तेलाचा हात दिलेलं सुती कापड, आणि खालच्या ट्रेमध्ये चाळीस वॅटचा जुना पिवळा बल्ब, जून ते सप्टेंबर पेटता. बीड हवेपेक्षा थोडं उबदार राहिलं की दव धरत नाही. या कामाला एलईडी चालत नाही, त्याची ऊब पुरत नाही. बल्ब कापडापासून दूर, जाळीच्या आत. पणजी-वास्कोकडे खारा वारा असतो, तिथे हे आणखी काटेकोरपणे करावं लागेल.

तेल कोणतं? घरात खोबरेल असतं, ते लावायचा मोह होतो. लावू नये. चोवीस अंशांच्या खाली ते गोठतं, आणि सत्तरीकडच्या डिसेंबरच्या रात्री पारा त्याहून खाली असतो. शिवाय ते खवट होतं. बेडला अडुसष्ट ग्रेडचं स्लाइडवे ऑइल हवं. ग्रीस तर नकोच. त्यात कीस रुतून बसतो आणि कॅरेज तोच बेडवर घासत नेते. पॉलिश पेपरचं काम असेल तेव्हा बेड झाकायचा, कारण त्याची पूड किसापेक्षा वाईट. काम संपलं की बेड पुसून घ्यायचा, आणि पुसलेल्या जागी हात टेकायचा नाही. घामाचे ठसे दुसऱ्या दिवशी गंजून वर येतात.

(दृश्य: स्टीलपट्टी, टूलचं टोक, गोल सळई)

टूलची उंची बघायची ही रीत शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी. टूल आणि सळई यांच्यामध्ये स्टीलपट्टी अलगद दाबायची. पट्टी उभी राहिली तर टूल सेंटरला, म्हणजे सळईच्या मध्यरेषेला, आहे. वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. इथे उंची जुळवायला टूलखाली हॅक्सॉच्या मोडक्या ब्लेडचे तुकडे आहेत, दात घासून काढलेले.

विजेचं एक सांगायलाच हवं. पावसात लाइट जाते आणि न सांगता येते. साध्या स्विचवर चालणारा लेथ तेव्हा आपोआप फिरू लागतो, चकमध्ये चावी असो की कुणाची बोटं. म्हणून मोटरला डीओएल स्टार्टर आहे. वीज गेली की त्याची कॉइल सुटते आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. घरी लेथ असलेल्यांनी बाकी सगळी खरेदी लांबवावी, ही नाही.

क्रॉस स्लाइडच्या नटमध्ये अजून पाव फेऱ्याचा बॅकलॅश, म्हणजे हँडल फिरूनही स्लाइड न हलण्याचा ढिलेपणा, आहे. काका तेवढा सांभाळून घेतात. माप नेहमी एकाच बाजूनं गाठायचं, पुढे गेलं तर हँडल पुरतं मागे घेऊन परत यायचं. नव्या नटसाठी गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) तुकडा आणून ठेवलाय. आतले आटे पुतण्या पाडणार आहे, याच लेथवर.