गोल, ऊबदार बेसचा हेडफोन: अडीच ते पाच हजारांत, आणि कोकणच्या खाऱ्या हवेत टिकणारा

[कॅमेऱ्यासमोर, टेबलावर तीन हेडफोन]

नमस्कार मंडळी. पखवाजाच्या डाव्या बाजूला ओली कणीक थापली की तिथली थाप कशी उमटते, आठवा. खोल, गोल, जराशी मऊ, आणि लगेच न विरणारी. आज आपल्याला हेडफोनमध्ये तोच बेस हवाय. कानात बुक्के मारणारा नकोय. बजेट अडीच ते पाच हजार, आणि पिशवीत टाकून रत्नागिरीहून मुंबईला नेता आला पाहिजे.

आधी 'ऊबदार' म्हणजे नेमकं काय ते बघू, म्हणजे दुकानात फसायला होणार नाही. बेस म्हणजे आवाजातले खालचे सूर. त्यांचा पट्टा साधारण २० ते २५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं. त्यातला ६० च्या खालचा भाग म्हणजे डीजेचा हादरा. तो ऐकू येण्यापेक्षा छातीत जास्त जाणवतो. ऊब असते त्याच्या वर, साधारण ८० ते २०० मध्ये. पुरुषाच्या आवाजाचा तळ तिथे, पेटीचे खालचे सूर तिथे. हा भाग थोडा वर उचललेला आणि ३ ते ६ हजार हर्ट्झचा टोकदार भाग थोडा शांत असला की आवाज ऊबदार वाटतो. पण २०० ते ४०० हर्ट्झ फार फुगलं, की गाणारा माठात तोंड घालून गातोय असं वाटतं. दुकानदार त्यालाच 'हेवी बेस' म्हणून विकतो. तो घेऊ नका.

खोक्यावरचं '२० ते २०,००० हर्ट्झ' वाचून काही कळत नाही. २० हर्ट्झला आवाज किती पडतो ते तिथे लिहिलेलंच नसतं. '४० मिलिमीटर ड्रायव्हर'चंही तेच. ड्रायव्हर म्हणजे आत थरथरून आवाज काढणारा पडद्याचा भाग. ड्रायव्हर मोठा म्हणून बेस चांगला, असं होत नाही.

[हेडफोन कानाला लावून दाखवतो]

आता खरी गोष्ट. बेस टिकतो तो हेडफोन आणि कान यांच्यात फट नसेल तर. बारीक फटीतून सगळ्यात आधी बेसच निसटतो, वरचे सूर शाबूत राहतात. म्हणून एकच हेडफोन एकाला दमदार वाटतो आणि दुसऱ्याला पत्र्यासारखा. तपासायला सोपं आहे. बेस असलेलं गाणं लावा आणि दोन्ही तळव्यांनी कप हलकेच कानावर दाबा. दाबल्याबरोबर बेस एकदम दुप्पट झाल्यासारखा वाटला, तर तो हेडफोन तुमच्या डोक्यावर नीट बसत नाहीये. चष्मा असेल तर चष्मा घालूनच बघा. काडी कपाच्या गादीखाली जाते आणि नेमकी तिथेच फट पडते.

दुसरा प्रश्न: ऐकणार कुठे?

संध्याकाळी पडवीत किंवा खळ्यात बसून ऐकायचं असेल, तर उघड्या पाठीचा, म्हणजे कपाची बाहेरची बाजू जाळीसारखी मोकळी असलेला, फोमवाला हेडफोन फार गोड लागतो. कान उबत नाहीत, आणि गेटवर कोणी हाक मारली तर ऐकू येते. यात कॉसचा पोर्टाप्रो हे ठळक नाव. १९८४ पासून तो जवळपास त्याच रूपात बनतोय, आणि ऊबदार बेसचं नाव निघालं की आजही त्याचं नाव निघतं. घडी घालून मुठीएवढा होतो. ६० ओहमचा आहे, म्हणजे विजेला अडथळा जरा जास्त, तरी साध्या फोनवर पुरेसा मोठा वाजतो.

[जवळून: कानावरची छोटी सरकपट्टी]

कानाच्या वर ही पट्टी दिसतेय? ही 'लाइट'कडे सरकवली की हेडफोनचा भार कानशिलावर जातो, कानावरचा दाब कमी होतो आणि बेसही कमी होतो. 'फर्म'कडे नेली की बेस भरतो. अनेक जण ती लाइटवर ठेवून वापरतात आणि बेस कुठाय म्हणून विचारतात. त्रास एवढाच, की धातूच्या पट्टीत केस अडकतात. लांब केस असतील तर लावून बघितल्याशिवाय घेऊ नका.

हाच हेडफोन कोकण रेल्वेत मात्र निरुपयोगी. खिडकी उघडी, गाडी साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात शिरली, की रुळांची घरघर थेट बेसच्याच पट्ट्यावर बसते आणि पखवाज गायब. मग आपण आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलवर. दर ३ डेसिबल वाढले की तास निम्मे. ८३ ला २०, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. मुंबईपर्यंतच्या एकाच प्रवासात आठवड्याची शिदोरी संपते.

गाडी आणि एसटीसाठी बंद पाठीचा घ्या, जमलं तर नॉइज कॅन्सलिंगवाला, म्हणजे बाहेरच्या आवाजाच्या उलटा आवाज सोडून तो कापणारा. साधी गादी वरचे आवाज अडवते, पण इंजिनाची खालची घरघर तिला फारशी अडवता येत नाही. नॉइज कॅन्सलिंग नेमकी तीच घरघर कापतं, म्हणून कमी आवाजातही बेस परत ऐकू येतो. स्वस्त मॉडेलांत हे बटण चालू-बंद केलं की बेसचा पोतच बदलतो. त्यामुळे ज्या स्थितीत वापरणार, त्याच स्थितीत ऐकून बघा.

वायर नको असेल तर सोनीचा डब्ल्यूएच-सीएच५२० बघण्यासारखा आहे. २०२३ चं मॉडेल, वजन दीडशे ग्रॅमच्या आत, कंपनीच्या म्हणण्यानुसार एका चार्जवर ५० तासांपर्यंत. कानावर बसणारा, बंद पाठीचा, पण नॉइज कॅन्सलिंग नाही आणि वायरीचा जॅकही नाही. आवाज मुळातच भरलेला, वरचे सूर थोडे झाकलेले. आणि कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून गाणं आवळून पाठवायची पद्धत, एसबीसी की एएसी की आणखी कुठली, यात बेससाठी वेळ घालवू नका. बेस कोडेकवर ठरत नाही.

[फोन हातात घेऊन]

दुकानात काय करायचं? 'दादा, माझ्या फोनवर दोन मिनिटं लावून बघतो' म्हणा. दुकानातलं गाणं नको, कारण ते बेस दाखवायलाच निवडलेलं असतं. आपल्याकडे तीन गोष्टी डाउनलोड करून ठेवा. डबलबारी भजनाचं रेकॉर्डिंग, म्हणजे पखवाज आणि झांज दोन्ही तपासता येतात. कुठल्याही पुरुष निवेदकाच्या बातम्या, माठाचा दोष तिथे लगेच पकडला जातो. आणि टोन जनरेटरचं, म्हणजे हवा तो एकच सूर वाजवणारं, फुकट अ‍ॅप. त्यावर आवाज कमी ठेवून १०० हर्ट्झपासून सावकाश ४० पर्यंत खाली या. सूर हळूहळू बारीक होत गेला तर ठीक. मध्येच खरखर, फडफड आली तर तो नग परत करा. पडद्याला केस चिकटलाय, नाहीतर पडदाच सैल आहे.

दोन हेडफोनांची तुलना करताना आवाज सारखा करून घ्या, ही पायरी कधीच गाळू नका. कमी आवाजात आपल्या कानाला बेस कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं. म्हणजे जो मोठा वाजतो तोच बेसवाला वाटतो, आणि आपण चुकीचा नग घेऊन घरी येतो.

आहे तोच हेडफोन थोडा ऊबदार करायचा असेल तर फोनमधला इक्वलायझर, म्हणजे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करायची सोय, आहेच. १०० हर्ट्झच्या आसपास ३ ते ४ डेसिबल वाढवा, आणि जेवढं वाढवलं तेवढा प्रीअँप, म्हणजे त्याच इक्वलायझरमधली एकूण आवाजाची पट्टी, खाली आणा. तसं केलं नाही तर जोराच्या थापेला आवाज फाटतो, आणि लोक दोष हेडफोनला देतात.

[जवळून: प्लगचं टोक, भिंगाखाली]

आता किनाऱ्यावरच्या घरांत हटकून येणारी तक्रार. 'काल चांगला होता, आज गायकाचा आवाजच येत नाही, बेसही गेला, नुसती वाद्यं लांबून वाजतायत.' हेडफोन जळलेला नसतो. या प्लगवर टोकापासून मोजा. पहिला भाग डावा कान, दुसरा उजवा, तिसरा ग्राउंड, म्हणजे दोन्ही कानांची वीज परत जायची सामाईक वाट. खाऱ्या हवेने त्या तिसऱ्या कड्यावर हिरवट थर धरला, किंवा प्लग पूर्ण आत गेला नाही, की ग्राउंड तुटतो. मग दोन्ही कानांना डाव्या आणि उजव्या बाजूतला फक्त फरक ऐकू येतो. गायक आणि बेस रेकॉर्डिंगमध्ये मधोमध ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखेच. फरकात ते शून्य होतात. कापडाच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब लावून कडं फिरवून पुसा, पाच मिनिटं वाळू द्या, टक असा आवाज येईपर्यंत प्लग आत ढकला. बहुतेक वेळा गायक परत येतो. तरीही नाही आला तर प्लगच्या मुळाशी वायर वाकवून बघा. गायक येत-जात असेल तर आतली तार तुटलीय, दहा मिनिटांत नवा प्लग झाळता येतो.

गाद्यांचं पण ऐका. चामड्यासारखी दिसणारी गादी पॉलियुरेथेनची असते, आणि दमट हवेत पाणी तिचे रेणूच तोडतं. म्हणून काळे पापुद्रे गळ्याला चिकटतात. गादी फाटली की फट पडते, आणि बेस जातो. बदलताना थंड वाटते म्हणून कापडी गादी घेतलीत तर बेस कमी होणार हे धरून चाला. कापडातून हवा जाते. सुटी गादी मिळेल असंच मॉडेल घ्या, आणि मागवण्याआधी कपाचा व्यास पट्टीने मोजा.

फोमची गादी कोमट पाण्यात, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुता येते. पिळू नका, फक्त दाबा. सावलीत पूर्ण वाळवा. चुलीच्या उबेवर ठेवली तर आक्रसते.

खोक्यावर आयपीएक्स४, म्हणजे पाण्यापासून बचावाचा दर्जा, लिहिलेलं असलं तरी ते साध्या पाण्याच्या शिंतोड्यांपुरतं. समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ वाळल्यावर तसंच राहतं आणि हवेतलं पाणी ओढत बसतं. किनाऱ्यावरून आलात की गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, आणि चार्जिंगचं तोंड पूर्ण कोरडं झाल्याशिवाय केबल लावू नका. ओल आणि वीज एकत्र आली की आतल्या पिना लवकरच हिरव्या पडतात. जून ते सप्टेंबर हेडफोन घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांबरोबर ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदला.