ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली रिकामी चौकट

(खान्देशातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलांसमोर झालेलं बोलणं, थोडं नीट करून)

बसा बसा. मागच्यांनी पुढे या ना भो, पंखे पुढेच आहेत.

मी जळगाव एमआयडीसीत मशीन शॉप चालवतो, आधी नोकरी आणि मग स्वतःचं, असं धरून ३१ वर्षं झाली. दरवर्षी माझ्याकडे इंटर्नशिपला मुलं येतात, म्हणून सर म्हणाले की आमची पोरं बाहेर गेल्यावर नेमकी कुठे अडकतात ते सांगा. तर आज सकाळी मी लवकर आलो आणि तुमच्या लायब्ररीत बसून मागच्या वर्षाचे प्रोजेक्ट रिपोर्ट चाळले. बाइंडिंग छान, सोनेरी अक्षरं, थ्रीडी मॉडेलचे रंगीत फोटो. शेवटी ड्रॉइंग. आणि ड्रॉइंगच्या उजवीकडे खाली टायटल ब्लॉक असतो बघा, ड्रॉन बाय, चेक्ड बाय, अप्रूव्ह्ड बाय, तारीख, रिव्हिजन म्हणजे ड्रॉइंगची कितवी सुधारित आवृत्ती ते. मी ११ रिपोर्ट उघडले, अकराच्या अकरा ठिकाणी ते रकाने कोरे. कोणी काढलं माहीत नाही, कोणी तपासलं माहीत नाही. मला आज फक्त त्या रकान्यांबद्दल बोलायचंय, कारण पोरं अडकतात ती तिथेच, गणितात नाही. गणित तुमचं आमच्यापेक्षा चांगलं असतं.

माझी गोष्ट सांगतो. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, २०० प्लेटींचं काम होतं, १२ एमएमची प्लेट, चार होल. पार्टीचा फोन आला की दोन होलमधलं अंतर बदला. मी माझ्या हातातल्या प्रिंटवर पेनाने आकडा खोडला, नवीन लिहिला आणि जेवायला गेलो. ड्रिलवरच्या माणसाकडे दुसरी प्रिंट होती, जुनी. त्याने इमानदारीने जुन्या आकड्याने २०० प्लेटी पाडल्या. संध्याकाळी मालक आले, आवाजसुद्धा चढवला नाही, दोन्ही प्रिंटा शेजारी ठेवल्या आणि विचारलं, यातली खरी कोणती? मला उत्तर देता आलं नाही, कारण दोन्हीवर सही माझीच होती आणि रिव्हिजन दोन्हीवर एकच. त्या प्लेटी भंगारात गेल्या ते जाऊ द्या, पण मी त्या ड्रिलवरच्या माणसाकडे आठ दिवस बघू शकलो नाही, त्याची दिवसभराची मेहनत मी वाया घालवली होती.

हे प्लेटीचं झालं. आता माणसांचं सांगतो. अमेरिकेत कॅन्सस सिटी म्हणून शहर आहे, तिथे हयात रिजेन्सी हॉटेलच्या लॉबीत छताला टांगलेले पूल होते, चौथ्या मजल्याचा पूल वर आणि बरोब्बर त्याच्याखाली दुसऱ्या मजल्याचा. मूळ डिझाइनमध्ये छतापासून एकच सलग रॉड खाली यायचा आणि दोन्ही पूल त्याच रॉडवर आपापल्या नटवर बसायचे. पण एवढ्या लांब रॉडला आटे पाडायचे, नट वरपर्यंत फिरवत न्यायचा, हे फॅब्रिकेटरला, म्हणजे लोखंडी भाग बनवणाऱ्याला, अवघड वाटलं, म्हणून बदल झाला. एका रॉडचे दोन रॉड केले, एक छतापासून चौथ्या मजल्याच्या पुलापर्यंत आणि दुसरा त्या पुलापासून खाली. दिसायला काहीच फरक नाही. आता विहिरीचा दोर डोळ्यासमोर आणा. एका दोराला वर एक बादली बांधली, खाली एक बांधली, तर प्रत्येक गाठीवर एकेका बादलीचंच वजन. पण खालची बादली दोराला न बांधता वरच्या बादलीच्या बुडाला अडकवली तर? वरच्या बादलीच्या कडीवर दोन्हीचं वजन आलं ना. तिथे तेच झालं, वरच्या पुलाच्या नटवर डबल लोड. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी लॉबीत कार्यक्रम होता, गर्दी होती, पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली.

आणि ते ड्रॉइंग चोरून बदललेलं नव्हतं बरं का. इंजिनिअरच्या ऑफिसात आलं होतं, त्याच्यावर शिक्का पडला होता. फक्त त्या जोडाचं गणित पुन्हा कोणी केलं नाही. नंतर चौकशीत निघालं की मूळचा सलग रॉडवाला जोडसुद्धा नियमात पाहिजे त्याच्या साठ टक्केच ताकदीचा होता, म्हणजे ते गणित आधीही कोणी धड केलेलं नव्हतं. ज्यांच्या शिक्क्याने ते गेलं त्यांची लायसन्सं गेली. तुम्ही सेकंड इयरला जे फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एकाच भागावर कुठून किती जोर येतो त्याचं चित्र, काढता ना, वैतागून काढता, ते एका नटसाठी काढलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

तुम्ही म्हणाल आम्ही कुठे पूल बांधायला चाललो. बरं, आपल्या घरची गोष्ट घेऊ. केळी.

रावेर, यावल, सावदा, फैजपूर, तिकडे घड कापला की खोड शेतातच राहतं. ते काढून टाकायलाच शेतकऱ्याला मजुरी लागते. त्या खोडाचा धागा निघतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे, आणि आपल्या भागातल्या कॉलेजांत धागा काढायचं मशीन हा ठरलेला प्रोजेक्ट. ड्रम, ड्रमवर पात्या, समोर फीड रोलर, मोटर, बेल्ट. दोन वर्षांपूर्वी एक ग्रुप माझ्याकडे ते बनवायला आला, तीन पोरं आणि एक पोरगी. कॉलेजमध्ये डेमो झाला, धागा निघाला, टाळ्या पडल्या, मार्क मिळाले. मी म्हटलं आता टेम्पोत टाका आणि वावरात घेऊन चला. पोरांचे चेहरे उतरले, कारण त्यांच्या हिशोबाने काम संपलं होतं.

वावरात उतरवायलाच सहा माणसं लागली. शेतकरी काका बांधावर उभे होते, मशीनकडे बघत म्हणाले, "भाऊ, हे रोज उचलीन कोन?" बस, एवढंच. रिपोर्टमध्ये वजन लिहिलेलं होतं, पण ते वजन कोणाच्या तरी पाठीवर येणार आहे हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मग लाइट. मोटर थ्री फेज, आणि शेतीची थ्री फेज त्या आठवड्यात रात्रीच्या पाळीला होती. म्हणजे मशीन चालवायचं तर रात्री दहानंतर चालवा, फिरत्या रोलरमध्ये अंधारात हात घाला. इंजिन आणलं, ते बसवलं, तोवर ऊन डोक्यावर आलं. मशीन चालू झालं आणि खोडाचे पदर आत सरकवायला एक बाई पुढे झाल्या, रोज मजुरीने येणाऱ्या. त्यांची उंची पाच फुटांच्या आतली, फीड टेबल छातीला लागत होता, म्हणून त्या पंजे उचलून, हात लांब करून, पुढे वाकून घालत होत्या. हातात काचेच्या बांगड्या आणि पदर सुटा. त्या ग्रुपमधली पोरगी माझ्या शेजारी उभी होती, तिने पळत जाऊन इंजिन बंद केलं. कोणी सांगितलं नव्हतं तिला. मला विचाराल तर ती त्या क्षणी इंजिनिअर झाली, डिग्री नंतर मिळाली.

टेबलची उंची त्यांनी कशावरून धरली होती? ग्रुपमधल्या सगळ्यात उंच पोराच्या कमरेवरून, कारण कॉलेजमध्ये तोच चालवत होता.

तिसऱ्या दिवशी बेअरिंग ओरडायला लागलं. खोलून बघितलं तर केळीचा चीक आत गेलेला, ग्रीस काळं पडून धुतलं गेलेलं, आणि शाफ्टवर धाग्याचा असा घट्ट वेढा बसलेला की ब्लेडने कापावा लागला. बेअरिंग ६२०४, आतला व्यास २०, बाहेरचा ४७, रुंदी १४, हे नंबर तर तुम्हाला पाठ असतील. ड्रॉइंगवर एवढंच लिहिलं होतं, ६२०४. दुकानदाराने उघडं दिलं, त्याची काय चूक? पुढे टू आर एस लिहिलं असतं तर दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं मिळालं असतं. आणि नुसतं तेही पुरत नाही. चीक सीलपर्यंत पोचूच नये म्हणून मध्ये शाफ्टवर एक चकती पाहिजे, ड्रम आणि बेअरिंगमध्ये चार बोटं जागा पाहिजे, म्हणजे वेढा बसला तरी हाताने काढता येईल. शाफ्टचं फिटिंगपण बघितलं. बेअरिंग आतून नीट धरून बसायला तिथे शाफ्ट वीसपेक्षा ०.००२ ते ०.०१५ एमएम जाड पाहिजे. ड्रॉइंगवर नुसतं २० लिहिलेलं. टर्नरने वर्नियर लावला, वीस आले, दिला. वर्नियरला हा फरक दिसतच नाही, तिथे मायक्रोमीटर लागतो. मग शाफ्ट किंचित बारीक निघाला आणि बेअरिंगच्या आत फिरून फिरून घासला गेला.

हे सगळं पुस्तकात आहे, तुम्हाला परीक्षेत विचारलं तर येतंही. पण चिकाचा वास आल्याशिवाय ते ड्रॉइंगवर उतरत नाही, हा माझा अनुभव आहे.

अजून एक, उन्हाचं. पीव्हीसी पाइपावर जो प्रेशरचा आकडा छापलेला असतो तो २७ डिग्रीला धरलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला हवाच ४५ च्या पुढे जाते, उघड्यावर पडलेला पाइप तर हात लावू देत नाही. तापमान वाढलं की पाइपाची ताकद कमी होते, कोडमध्ये त्याचा फॅक्टर दिलेला आहे. आपल्या गावातच पाइप बनतात, आणि त्यावर प्रोजेक्ट करणाऱ्या मुलाला मी हे विचारलं तर तो म्हणाला, सर, सॉफ्टवेअरमध्ये रूम टेम्परेचर डीफॉल्ट होतं. कोणाच्या रूमचं रे बाबा?

आता सरांशी थोडं, राग मानू नका. २०१४ साली भारत वॉशिंग्टन अ‍ॅकॉर्डचा, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मानायच्या देशांमधल्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला, तेव्हापासून एनबीएसाठी, म्हणजे कोर्सला मान्यता देणाऱ्या मंडळासाठी, तुमच्या फायली किती वाढल्या ते मला दिसतं. त्यात जे लिहिलंय ते सोन्यासारखं आहे, नीतिमत्ता, टीमवर्क, समाजाची जबाबदारी. पण सीओ-पीओ मॅपिंगचे, म्हणजे कुठल्या विषयातून डिग्रीचं कुठलं उद्दिष्ट साधलं त्याचे, तक्ते भरण्यात सर लोकांचे दिवस जातात आणि पोरगं तिकडे गल्लीतल्या दुकानातून तयार प्रोजेक्ट विकत आणतं, रिपोर्टसकट. मला त्याचा फार त्रास होतो. पैसे गेले म्हणून नाही, त्या पोराच्या आयुष्यात चुकायचं एकच स्वस्त वर्ष होतं ते गेलं म्हणून. कंपनीत चुकणं महाग असतं. म्हणून माझी मागणी साधी आहे, एका वर्षात एकच वस्तू करा पण तिची चार रिव्हिजन निघू द्या, आणि मार्क शेवटच्या मशीनला देण्यापेक्षा ए पासून डी पर्यंत काय बदललं, का बदललं, कोणाच्या सांगण्यावरून बदललं, त्या रकान्याला द्या.

आणि दुरुस्ती कोण करणार तेही डिझाइनमध्येच धरा. धुळ्याकडे पांझरा नदीवर फड पद्धत आहे, शेकडो वर्षांची, फड म्हणजे एकाच पाण्यावर भिजणारा शेतांचा पट्टा. बंधारा, कालवा, चाऱ्या हे तर आहेच, पण पाणी कोणाला कधी द्यायचं त्यासाठी पाटकरी म्हणजे पाणी वाटणारा माणूस, आणि कुठल्या फडात यंदा कुठलं पीक घ्यायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं, चाऱ्या साफ करायला सगळ्यांनी यायचं. ज्यांनी ते बसवलं त्यांनी दगडाइतकाच माणसांचाही विचार केला होता, म्हणून ते इतकं टिकलं. जमलं तर एकदा जाऊन बघून या, लांब नाही.

ते केळीचं मशीन आता चौथ्या रिव्हिजनवर आहे. चाकं लागली, दोन माणसं ढकलतात. टेबल खाली आला, तोंडाशी एवढा लांब बोगदा केला की हात रोलरपर्यंत पोचतच नाही. बेल्टच्या गार्डचा अजून घोळ आहे, त्याचे बोल्ट वावरात हरवतात आणि मग लोक गार्डशिवायच चालवतात, त्यामुळे आता बिजागरी लावून बघतोय. ती पोरगी सध्या नोकरीला आहे पुण्याला, पण बिजागरीचं ड्रॉइंग तिनेच पाठवलंय. ड्रॉन बायमध्ये तिचं नाव आहे. चेक्ड बाय कोरं ठेवलंय, कारण मी अजून तपासलेलं नाही, त्या गार्डला जो धक्का बसतो त्याने बिजागरीचा पिन टिकेल की नाही ते बघायचंय.

ज्यांना ते तपासायचं असेल त्यांनी शनिवारी दुपारी शॉपवर या, चार-पाच जण चालतील, पत्ता सरांकडे आहे. मायक्रोमीटर तिथे मिळेल. बूट घालून या, चपलेवर मी कोणाला आत घेत नाही.