ले मिझेराब्ल : फिरता रंगमंच गेला, तेव्हा

(दृश्य : काळ्या पडद्यावर रंगमंचाचा आराखडा. मधोमध एक मोठं वर्तुळ उमटतं आणि सावकाश फिरू लागतं.)

लंडन, ८ ऑक्टोबर १९८५. बार्बिकन सेंटरमध्ये 'ले मिझेराब्ल' या संगीत नाटकाचा शुभारंभ झाला. दुसऱ्या दिवशी बहुतेक समीक्षकांनी नाटकाला झोडपून काढलं आणि प्रेक्षकांनी तिकीटखिडकीवर रांगा लावल्या. दिग्दर्शक दोघे होते, ट्रेव्हर नन आणि जॉन केअर्ड. नेपथ्य जॉन नेपिअर यांचं. त्या नेपथ्याचा कणा म्हणजे तुम्ही पाहताय ते वर्तुळ, फिरता रंगमंच.

मराठी प्रेक्षकाला फिरता रंगमंच नवा नाही. १९६२ सालच्या 'तो मी नव्हेच'ने तो आपल्याकडे घरोघरी माहीत करून दिला. तिथे मंच फिरायचा तो कोर्टातून साक्षीदाराच्या आठवणीत चटकन जाता यावं म्हणून. 'ले मिझेराब्ल'मध्ये मात्र तो पात्रांच्या पायाखाली, प्रवेश चालू असताना फिरतो. कथाच चालण्याची आहे. ज्याँ वाल्ज्याँ १८१५ साली तुरुंगातून सुटतो आणि पुढची सतरा वर्षं इन्स्पेक्टर जावेर त्याच्या मागावर असतो. वाल्ज्याँ चालतो, जमीन उलटी फिरते, आणि तो आहे तिथेच राहतो. सुटका झालेल्या कैद्याची सगळी कोंडी एकही वाक्य न बोलता दिसते.

(दृश्य : आराखड्यावर दोन उंच ढिगारे दोन बाजूंनी आत येतात, झुकतात आणि एकमेकांत अडकतात.)

आणि मग बॅरिकेड. पॅरिस, जून १८३२. मोडकी टेबलं, खुर्च्या, गाड्यांची चाकं रचून सरकारविरुद्ध उठलेल्या विद्यार्थ्यांनी रस्ता अडवलेला. नेपिअर यांनी हे ढीग दोन भागांत केले होते. आधीच्या प्रवेशात तेच भाग पॅरिसच्या गरीब वस्तीतल्या इमारती होतात. नंतर ते आडवे होत मध्यभागी जुळतात आणि बॅरिकेड उभं राहतं.

गाव्रोश हा रस्त्यावर वाढलेला पोरगा. दारूगोळा संपत आला, म्हणून तो बॅरिकेड ओलांडून पलीकडे उतरतो. इथे अख्खं बॅरिकेड फिरतं. आता आपण सैनिकांच्या बाजूला. गाव्रोश मेलेल्यांच्या अंगावरची काडतुसं गोळा करतोय, गाणं म्हणतोय आणि गोळ्या झेलतोय. थोड्या वेळाने लढाई संपते, बॅरिकेड पुन्हा फिरतं, आणि विद्यार्थ्यांचा पुढारी आँजोल्रास दिसतो : लाल झेंड्यावर उलटा पडलेला, हात लोंबते. त्या क्षणी कुणी काही गात नाही. फक्त वाद्यं वाजतात आणि लाकडाचा तो डोंगर फिरत राहतो.

हेच मूळ रूप, असं म्हणण्याआधी एक सांगायला हवं. लंडनचा प्रयोगसुद्धा पहिला नव्हता. क्लोद-मिशेल शोनबर्ग आणि अलाँ बुब्लिल यांचं हे नाटक १९८० साली पॅरिसमध्ये फ्रेंचमध्ये झालं होतं. तिथे सुरुवातीचा तुरुंग आणि सुटलेल्या वाल्ज्याँला आसरा देणाऱ्या बिशपचा प्रसंग नव्हता, कारण व्हिक्टर ह्यूगोच्या ज्या कादंबरीवर हे नाटक बेतलंय, ती फ्रेंच प्रेक्षकाला पाठ. इंग्रजांसाठी तो प्रसंग नव्याने रचला गेला. लंडनहून नाटक १९८७ मध्ये ब्रॉडवेला, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर गेलं, तेव्हा गाव्रोशच्या गाण्याला कात्री लागली आणि जावेरच्या गाण्याची जागा बदलली. २००० च्या सुमारास ब्रॉडवेचा प्रयोग आणखी छाटून तीन तासांच्या आत आणला. त्यामागे कलेचं कारण नव्हतं. तीन तासांवर गेलं की वादकांना आणि मंचामागच्या कामगारांना ओव्हरटाइम द्यावा लागायचा.

(दृश्य : रात्रीचा रस्ता, ट्रकांची रांग. नाट्यगृहाच्या मागच्या दारातून पेटारे आत जातात.)

दौऱ्यात हिशेब आणखी कडक होतो. फिरता मंच यजमान नाट्यगृहाच्या मंचावरच नवी जमीन म्हणून अंथरावा लागतो, खाली त्याची यंत्रणा. तो बसल्याशिवाय बाकीचं काहीच उभं करता येत नाही. एका गावात नाटक महिनोन् महिने मुक्काम करतं तेव्हा हे परवडतं. आठवड्या-दोन आठवड्यांनी गाव बदलायचं असेल, तर सेट लावण्यात आणि उतरवण्यात जाणारा प्रत्येक दिवस बुडीत. तरीही अमेरिकेतल्या एका दौऱ्याने हा फिरता मंच १९८८ पासून २००६ पर्यंत गावोगाव नेला. त्या कामगारांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

मग नाटकाला पंचवीस वर्षं होत आली. निर्माते कॅमेरॉन मॅकिंटॉश यांनी दौऱ्यासाठी वेगळीच मांडणी करवली. डिसेंबर २००९, वेल्समधलं कार्डिफ. दिग्दर्शक लॉरेन्स कॉनर आणि जेम्स पॉवेल. नेपथ्य मॅट किनली यांचं. फिरता मंच नाही.

(दृश्य : आराखड्यातलं वर्तुळ पुसलं जातं. मागच्या पडद्यावर शाईचे डाग पसरतात, त्यांतून पॅरिसची छपरं दिसू लागतात.)

त्या जागी काय आणायचं, याचं उत्तर त्यांना खुद्द ह्यूगोकडे मिळालं. व्हिक्टर ह्यूगो चित्रंही काढायचा. शाईत कॉफी, काजळी, हाताला लागेल ते मिसळून काढलेली काळपट, धुरकट चित्रं. ती मागच्या पडद्यावर प्रक्षेपित झाली आणि हलू लागली. पॅरिसच्या भुयारी गटारांतून वाल्ज्याँ बॅरिकेडवर जखमी झालेल्या मारियुस या विद्यार्थ्याला पाठीवर घेऊन निघतो, तेव्हा आता त्याच्यामागे बोगदे सरकतात.

हे सुंदर आहे, पण चालण्याचा अर्थ बदलला. आधी जमीन माणसाला पुढे जाऊ देत नव्हती. आता माणूस जागीच पावलं टाकतो आणि चित्र त्याच्या मागून पळतं. दगड फोडणारे कैदीही गेले, त्यांच्या जागी वल्ही मारणारे कैदी आले. ही सुरुवात मला जुनीपेक्षा जोरकस वाटते.

बॅरिकेड मात्र आता फिरत नाही. गाव्रोश पलीकडे उतरतो आणि दिसेनासा होतो. त्याचा आवाज येतो, गोळ्यांचा आवाज येतो आणि आपण पाहत राहतो ते अलीकडे थांबलेल्यांचे चेहरे. आँजोल्रासचा देह नंतर हातगाडीवरून येतो. प्रसंग आजही रडवतो. पण आपण सैनिकांच्या बाजूला जाऊन उभे राहायचो, ते आता होत नाही.

एक गोष्ट नव्याने मिळाली, आणि ती मोठी आहे. लढाई संपल्यावर बायका मेलेल्या पोरांसाठी गातात. जुन्या मांडणीत त्या फिरत्या मंचावर चालत राहायच्या. नव्या मांडणीत त्या जमिनीवर मेणबत्त्या ठेवून जातात. पाठोपाठ एकटा वाचलेला मारियुस रिकाम्या खुर्च्यांचं गाणं म्हणतो, मेलेले मित्र मागे येऊन उभे राहतात आणि त्यांतली एकेक मेणबत्ती उचलून घेतात. त्याला कुठलंही यंत्र लागत नाही, आणि ते कुठल्याही गावात करता येतं.

२०१० च्या शरदात लंडनमध्ये विलक्षण योग आला. दौरा फिरत फिरत बार्बिकनला पोहोचला, आणि त्याच वेळी थोड्या अंतरावर क्वीन्स थिएटरमध्ये जुनी मांडणी चालू होती. एकच नाटक, एकच शहर, एकाच संध्याकाळी दोन्ही.

पुढे नवी मांडणी जिंकली. २०१४ मध्ये ब्रॉडवेवर तीच आली. १३ जुलै २०१९ ला लंडनमध्ये जुन्या मांडणीचा शेवटचा प्रयोग झाला. क्वीन्स थिएटरची डागडुजी झाली, त्याला सॉन्डहाइम हे नाव मिळालं, आणि त्या डिसेंबरात तिथे दौऱ्यातून आलेला प्रयोग कायमच्या मुक्कामाला आला.

हे मला पटत नाही. दौऱ्यावर फिरता मंच सोडून द्यावा लागला, ते समजतं. लीड्स किंवा बर्मिंगहॅमच्या प्रेक्षकाला नाटक दिसायचं तर तेवढी किंमत मोजायलाच हवी होती. पण सॉन्डहाइममधून सेट रविवारी उतरवून सोमवारी दुसऱ्या गावी न्यायचा नव्हता.