कायमच्या दुपारचे ढग

एखादा बाह्यग्रह, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह, सापडला की 'दुसरी पृथ्वी सापडली' असा मथळा येतो. मला त्याचा त्रास होतो. कारण तेव्हा आपल्याला कळलेलं असतं ते इतकंच, की हा ग्रह त्याच्या ताऱ्यापासून पाणी द्रवरूपात राहू शकेल अशा अंतरावर आहे. अंतरावरून हवामान सांगता येत नाही. आपला शेजारी शुक्र बघा. त्याचे ढग सूर्यप्रकाशाचा बराच मोठा हिस्सा परतवून लावतात. त्यामुळे त्याची हवा उष्णता धरून ठेवते हे बाजूला ठेवून नुसतं गणित मांडलं, तर शुक्र पृथ्वीपेक्षाही थंड निघतो! प्रत्यक्षात तिथल्या जमिनीवर सुमारे ४६० अंश सेल्सिअस तापमान आहे. शिसं वितळेल इतकं.

म्हणून हवामानाची मॉडेल्स लागतात, म्हणजे ग्रहाची हवा संगणकावर चालवून बघणारे प्रोग्रॅम. तांबड्या खुज्या, म्हणजे सूर्यापेक्षा लहान आणि मंद ताऱ्यांजवळचे बरेच ग्रह ताऱ्याकडे एकच तोंड करून फिरत असावेत, जसा आपला चंद्र पृथ्वीभोवती फिरतो. अर्ध्या ग्रहावर कायमची दुपार, अर्ध्यावर कायमची रात्र. पूर्वी समज असा होता, की रात्रीच्या बाजूला हवाच गोठून जमिनीवर पडेल. तेव्हा जीवसृष्टीच्या शोधातून हे ग्रह बाद. १९९७ साली मनोज जोशी, रॉबर्ट हेबर्ले आणि रे रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञांनी मॉडेल चालवून दाखवलं, की कार्बन डायऑक्साइडची हवा पृथ्वीच्या एक दशांश दाबाची असली तरी वारे पुरेशी उष्णता पलीकडे नेतात आणि हवा टिकते. आकाशगंगेतले बहुसंख्य तारे याच जातीचे आहेत. बाद केलेली केवढी मोठी यादी पुन्हा उघडली, विचार करा.

पुढे २०१३ साली जुन यांग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशा ग्रहावर समुद्र असेल तर ऐन दुपारच्या भागावर दाट ढग जमतात आणि छत्रीसारखे ऊन अडवतात. म्हणजे ताऱ्याच्या बरंच जवळ असूनही ग्रह होरपळत नाही.

पण ढग हीच मॉडेलची दुखरी जागा. अशी मॉडेल्स ग्रहाचे चौकोन पाडून हिशेब करतात, आणि एकेक चौकोन शंभरेक किलोमीटर किंवा त्याहून मोठा. ढग त्याहून कितीतरी लहान. मग ढगांचे नियम अंदाजाने बसवावे लागतात, तेही पृथ्वीवरच्या अनुभवावरून. आपल्या मोसमी पावसाचा अंदाज चुकतो त्यामागेही हे एक मोठं कारण आहे. ब्रिटिश हवामान खात्याच्या ज्या मॉडेलची आवृत्ती नोएडात भारताच्या अंदाजासाठी चालते, तेच मॉडेल ट्रॅपिस्ट-१ या तांबड्या खुज्या ताऱ्याच्या ट्रॅपिस्ट-१ई या ग्रहासाठीही वापरलं गेलं.

हा ग्रह सुमारे ४० प्रकाशवर्षांवर आहे. त्याचं वर्ष सहा दिवसांचं. चार वेगवेगळ्या मॉडेल्सना त्याच्याविषयी अगदी सारखी माहिती देण्यात आली. २०२२ मध्ये निकाल आले. कोरडा ग्रह धरला तेव्हा चौघांची उत्तरं बऱ्यापैकी जुळली. समुद्र घातला आणि ती फाकली, मुख्यतः ढगांमुळे.

त्याच ताऱ्याचा सर्वांत आतला ग्रह २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने तपासला. दिवसाची बाजू सुमारे २३० अंश सेल्सिअस निघाली, म्हणजे उष्णता वाटून घेणारी दाट हवा तिथे नसावी. आता लक्ष 'ई'कडे. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना त्याच्या हवेतून आलेल्या प्रकाशात हवेची खूण शोधतात. तिथे हवा असलीच, तर उंचावरचे ढग ही खूण झाकू शकतात. ती पकडायला ग्रह ताऱ्यासमोरून किती वेळा जाताना पाहावा लागेल, म्हणजेच दुर्बिणीचा किती वेळ मागायचा, याचा आकडाही मॉडेलगणिक बदलतो.