'मुख्य' हा शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

परवा एका विद्यार्थिनीनं मोबाइल माझ्यापुढे धरला. "मॅडम, हे एआय काही कामाचं सांगतच नाही." तिचा प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला लिहिलेली सूचना, होती, 'दख्खनच्या दंग्यांवर माहिती दे.' बस्स, एवढाच. उत्तरही तसंच, गाइडातून उचलल्यासारखं गुळगुळीत. हेच ग्रंथपालांना सांगितलं असतं, तर त्यांनी आधी विचारलं असतं, कशासाठी हवंय? काय काय वाचलंयस? चॅटबॉट बहुधा विचारत बसत नाही, स्वतःच काहीतरी गृहीत धरतो आणि सुटतो.

मग आम्ही दोघींनी तो प्रॉम्प्ट नव्यानं लिहिला. मराठीतच, इंग्रजीचं उगाच दडपण नको. वाचून दाखवते: 'मी बी.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, त्यावर १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला, एवढं वाचलंय. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले, हेच मुख्य कारण, असं माझं म्हणणं आहे. ते खोडून काढ. एका वेळी एकच आक्षेप घे आणि माझ्या उत्तरासाठी थांब. निबंध लिहून देऊ नकोस.'

पहिलाच आक्षेप आला: युद्ध संपलं १८६५ ला, वह्या पेटल्या १८७५ ला. मधली १० वर्षं काय चाललं होतं?

पोरगी गप्प. मग दप्तर उचलून लायब्ररीत गेली.

लायब्ररीवरून आठवलं. मी एकदा चॅटबॉटकडे संदर्भग्रंथांची यादी मागितली होती. त्यातल्या एका पुस्तकासाठी दोन ग्रंथालयं पालथी घातली. लेखक खरा निघाला, पुस्तक मात्र कुणी लिहिलेलंच नव्हतं! शब्दापुढे शोभेल असा शब्द जुळवत जाणारं हे यंत्र. शोभणारं नावही तसंच जुळवतं. तेव्हापासून मी वाचलेला उतारा त्यात टाकते आणि बजावते, 'फक्त यातूनच सांग, नसेल तर यात नाही म्हण.' तरीही ताडून बघावं लागतंच. आणि हो, असाइनमेंटला एआय चालतं का, हे आधी आपापल्या सरांना, मॅडमना विचारा.

दुसऱ्या दिवशी ती आली. शेतसाऱ्याची फेरआकारणी, आटलेली उधारी, असं दोन पानं टिपण होतं. आणि वर, पहिल्या ओळीत, 'मुख्य कारण' मधला 'मुख्य' तिनं खोडला होता.