गहू सोडण्यापूर्वी

कणकेचा लहानसा गोळा पाण्यात हलक्या हाताने चोळत राहिले, की पाणी दुधाळ होते आणि बोटांत रबरासारखा ताणला जाणारा चिकट चोथा उरतो. हेच ग्लूटेन. पोळी पातळ लाटली तरी फाटत नाही, ती याच्याच जोरावर. ज्वारीत ते नसते, म्हणून भाकरी थापायला हात बसावा लागतो.

बहुतेकांना ग्लूटेन पचते. सीलिअ‍ॅक विकारात मात्र शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे तेथील सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. खाल्लेले अंगी लागत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. येथे ते अक्षरशः खरे ठरते.

जुलाब आणि पोटफुगी ही लक्षणे लगेच संशय निर्माण करतात. चकवतात ती पोटाबाहेरची. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही जिचे हिमोग्लोबिन वाढत नाही अशी तरुणी, वर्गातील मुलांपेक्षा उंचीने मागे पडत चाललेला मुलगा, कोपरांवर आणि गुडघ्यांवर उठणारे, विलक्षण खाजणारे बारीक फोड, वारंवार तोंड येणे, कमी वयात ठिसूळ झालेली हाडे: यांपैकी एकही गोष्ट एकटी पुरावा नव्हे, परंतु दुसरे कारण सापडत नसेल तर गव्हाकडे पाहायला हवे. आई-वडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कोणाला हा विकार असेल, तर अधिकच.

गव्हावरचा हा संशय पक्का केला तो नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. 1944-45 च्या उपासमारीच्या हिवाळ्यात तेथे पाव मिळेनासा झाला, तेव्हा हा विकार असलेली मुले सुधारली. पाव परत आला आणि दुखणेही परतले.

येथे एक चूक फार जण करतात. शंका येताच ते गहू बंद करतात, थोडे बरे वाटते आणि मग तपासणीला जातात. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आहारात ग्लूटेन चालू असतानाच विश्वासार्ह ठरते. गहू सोडून काही महिने झाले, तर विकार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. प्रौढांमध्ये निदान पक्के करण्यासाठी बहुधा दुर्बिणीने आतड्याचा छोटा तुकडा काढून तोही तपासतात.

काहींच्या या तपासण्या निर्दोष येतात, गव्हाची अ‍ॅलर्जीही नसते, तरी पोळी खाल्ली की त्रास होतो. ही ग्लूटेन संवेदनशीलता. तिच्यासाठी स्वतंत्र रक्ततपासणी नाही आणि कित्येकदा खरा दोष गव्हातील फ्रुक्टन या कर्बोदकाचा निघतो.

सीलिअ‍ॅकचे निदान झालेल्या घरात मग गिरणीपासून सगळे बदलते. गव्हाच्या दळणानंतर त्याच जात्यातून निघालेल्या ज्वारीच्या पिठात कणीक मिसळलेली असते, आणि फोडणीतल्या बांधानी हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते.