कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी: गोळी किती, कधी, कशासोबत

[दृश्य: टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बाटल्या. कॅमेरा हळूहळू लेबलांवर जातो.]

या दोन बाटल्या पाहा. पहिलीवर लिहिलंय, कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिलिग्रॅम. दुसरीवर, कॅल्शियम सायट्रेट 1000 मिलिग्रॅम. आकडे जवळजवळचे दिसतात. पण पहिल्या गोळीतून तुम्हाला 500 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं आणि दुसरीतून जेमतेम 210.

गोळीत कॅल्शियम कधीच सुटं नसतं, ते क्षाराच्या रूपात असतं. कार्बोनेटच्या वजनात 40 टक्के कॅल्शियम असतं, सायट्रेटमध्ये 21, लॅक्टेटमध्ये 13 आणि ग्लुकोनेटमध्ये फक्त 9 टक्के. शरीराच्या हिशेबात धरायचं ते हेच, क्षारातलं निव्वळ कॅल्शियम. लेबलवर त्याला 'एलिमेंटल कॅल्शियम' म्हणतात. हा आकडा बारीक अक्षरात शोधावा लागतो. तो सापडला की शेजारी आणखी एक गोष्ट बघा: तो एका गोळीचा आहे की दोन गोळ्यांचा. बऱ्याच बाटल्यांवर 'एक मात्रा' म्हणजे दोन गोळ्या असतात. एक घेणारा माणूस अर्ध्यावर राहतो, किंवा चार घेणारा नकळत दुपटीवर जातो.

[दृश्य: हाडाचा उभा छेद, आतली जाळीदार रचना.]

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं 99 टक्के हाडांत आणि दातांत. उरलेलं थोडंसं रक्तात आणि पेशींत फिरतं, पण हृदयाचे ठोके, स्नायूंचं आकुंचन आणि रक्त गोठणं त्या थोड्याशावरच चालतं. म्हणून रक्तातली पातळी शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं. ती जरा घसरली की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडातून कॅल्शियम काढून रक्तात आणलं जातं. त्यामुळे रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं, म्हणजे हाडं भक्कम आहेत, असा अर्थ काढू नका. हाडं झिजत असतानाही तो रिपोर्ट नॉर्मलच येतो.

मग रोज लागतं किती? 19 ते 50 वयात सुमारे 1000 मिलिग्रॅम. पन्नाशीनंतर स्त्रियांना 1200 आणि सत्तरीनंतर सगळ्यांनाच 1200. हा आकडा जेवण आणि गोळी मिळूनचा आहे, आणि सगळ्यात जास्त गल्लत होते ती इथे. पंचावन्न वर्षांच्या एखाद्या बाईंचं उदाहरण घ्या. त्या दिवसाला दोन मोठे ग्लास दूध किंवा तेवढंच दही घेतात. त्यातून सुमारे 600 मिलिग्रॅम मिळतं. बाकीच्या जेवणातून आणखी 250 ते 300 धरा. तूट उरली 300 ते 350 ची. 500 ची एक गोळी त्यांना पुरून उरते. 500 च्या दोन गोळ्या घेतल्या तर दिवसाचा आकडा जवळपास 1900 होतो. पन्नाशीपुढे सुरक्षित कमाल मर्यादा 2000 ची आहे, म्हणजे त्या काठावर येऊन उभ्या राहतात. दूध वाढवलं, किंवा छातीत जळजळलं म्हणून चघळायच्या दोन गोळ्या घेतल्या, की मर्यादा ओलांडली. ॲसिडिटीच्या कित्येक चघळण्याच्या गोळ्या म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच असतात, आणि ते कुणी मोजत नाही.

म्हणून आमचा आग्रह आहे: आधी ताटातलं मोजा. गोळीचं काम तेवढी तूट भरून काढण्याचं.

[दृश्य: जेवणाचं ताट, बाजूला पाण्याचा भरलेला ग्लास आणि एक गोळी.]

आता वेळ. आतडं एका वेळी 500 मिलिग्रॅमपर्यंतचं कॅल्शियम चांगलं शोषतं. त्याहून जास्त दिलं की शोषणाचं प्रमाण घसरत जातं. 1000 लागत असेल तर ते दोनदा विभागून घ्यायचं.

कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. जेवताना आम्ल भरपूर सुटतं, म्हणून कार्बोनेट जेवणाबरोबर किंवा जेवण संपताच घ्यावं. उपाशीपोटी घेतलं तर शोषण कमी आणि पोटात गॅस जास्त. सायट्रेटला हे बंधन नाही, ते केव्हाही चालतं. ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलसारख्या आम्ल दाबणाऱ्या गोळ्या महिनोन् महिने चालू असतील, जठराची शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा वयोमानाने आम्ल कमी झालं असेल, तर सायट्रेट बरं. बद्धकोष्ठ होत असेल तरीही आधी क्षार बदलून पाहावा. त्रास झाला म्हणून गोळीच सोडून देण्याची घाई नको.

जेवणाबरोबर घेण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मुतखड्याच्या भीतीशी जोडलेलं आहे. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, त्यामुळे कॅल्शियम खाल्लं की खडा होणार असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच अन्नातल्या ऑक्झलेट या घटकाला धरून ठेवतं आणि ते शौचावाटे निघून जातं. दूध-दही बंद केलं की ऑक्झलेट मोकळं राहतं आणि लघवीत उतरतं. उपाशीपोटी घेतलेली मोठी गोळी मात्र जेवणातल्या ऑक्झलेटला गाठतच नाही, उलट लघवीतलं कॅल्शियम वाढवते. ज्यांना आधी खडा झालाय त्यांनी आहारातलं कॅल्शियम तोडू नये, पण गोळी डॉक्टरांना विचारूनच सुरू करावी.

[दृश्य: आठवड्याच्या गोळ्यांचा डबा. एक हात एक गोळी उचलून दुसऱ्या कप्प्यात ठेवतो.]

कॅल्शियम दुसऱ्या औषधांना आतड्यात चिकटतं आणि त्यांना रक्तात जाऊ देत नाही. थायरॉइडची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, आणि कॅल्शियम यांच्यात चार तास हवेत. हे अंतर पाळलं नाही की टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, वाढतो, डॉक्टर थायरॉइडचा डोस वाढवतात आणि खरं कारण तसंच राहून जातं. लोहाची गोळी दोन तास दूर ठेवा. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याला एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास काहीच नाही, कॅल्शियम तर नाहीच. त्या दिवशी कॅल्शियम दुपारच्या जेवणावर ढकलणं सगळ्यात सोपं. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकचा काही दिवसांचा कोर्स असेल, तर तेवढे दिवस कॅल्शियम थांबवता येईल का ते विचारा. बहुतेकांच्या हाडांना आठवडाभराच्या खंडाने काही होत नाही. पण हाडांच्या ठिसूळपणासाठी डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल किंवा पॅराथायरॉइडची शस्त्रक्रिया झाली असेल, तर मात्र मनाने खंड पाडू नका. त्यांच्यात रक्तातलं कॅल्शियम धोकादायकरीत्या खाली येऊ शकतं.

रक्तदाबासाठी थायाझाइड गटातली लघवीची गोळी चालू असेल तर मूत्रपिंडं कॅल्शियम बाहेर टाकायचं कमी करतात. वर जास्तीचं कॅल्शियम आणि डी दिलं की रक्तात ते साठू लागतं. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांमध्ये अशा वाढीने हृदयाची लय बिघडू शकते. या दोन औषधांचं नाव डॉक्टरांना न विसरता सांगा.

[दृश्य: सूर्यप्रकाश, मग मऊ कॅप्सूलचा क्लोज-अप.]

व्हिटॅमिन डी नसेल तर आतडं कॅल्शियम नीट उचलत नाही. त्वचा ते सूर्याच्या यूव्हीबी किरणांपासून बनवते, पण हे किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. वय वाढलं, त्वचा गडद असली किंवा अंग झाकलेलं असलं की ते कमी तयार होतं. प्रौढांची रोजची गरज 600 युनिट (लेबलवर IU), सत्तरीनंतर 800. वैद्यकीय देखरेखीशिवाय रोजची कमाल मर्यादा 4000 युनिट. लेबलवर मायक्रोग्रॅम लिहिलं असेल तर 40 ने गुणा: 25 मायक्रोग्रॅम म्हणजे 1000 युनिट. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळतं, म्हणून दिवसातल्या भरपेट जेवणाबरोबर घ्यावं.

कमतरता ठरवायची ती '25 हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी' या तपासणीवरून. दर मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमच्या वर पातळी असेल तर बहुतेकांच्या हाडांना ती पुरते. '1,25 डायहायड्रॉक्सी' ही वेगळी आणि महाग तपासणी आहे, कमतरता असतानाही ती नॉर्मल येऊ शकते.

कमतरता असेल तर डॉक्टर काही आठवडे, बहुधा आठ, 50,000 किंवा 60,000 युनिटांचा डोस आठवड्यातून एकदा देतात. आठवड्यातून एकदा! हीच गोळी चुकून रोज घेतली जाते, आणि विषबाधेचं हे नेहमीचं कारण आहे. 60,000 रोज म्हणजे कमाल मर्यादेच्या पंधरा पट. पाकिटावर वार लिहून ठेवा, आणि शेवटच्या डोसची तारीखही. आठ आठवड्यांनंतर तेच पाकीट पुन्हा पुन्हा आणत राहायचं नाही. तीन महिन्यांनी तपासणी करायची आणि मग रोजच्या छोट्या डोसवर यायचं.

मोठा डोस म्हणजे जास्त फायदा, या समजुतीची नीट परीक्षा झालेली आहे. सत्तरीपुढच्या 2,256 ऑस्ट्रेलियन स्त्रियांच्या अभ्यासात निम्म्या स्त्रियांना वर्षातून एकदाच 5 लाख युनिट दिले. 2010 मध्ये निष्कर्ष आले: या गटात पडणं आणि हाड मोडणं, दोन्ही वाढलं होतं. उलट 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांतल्या स्त्रियांना रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 800 युनिट डी दिलं, तेव्हा खुब्याची मोडतोड 43 टक्क्यांनी कमी झाली. या स्त्रियांच्या अंगात दोन्ही गोष्टींची खरी तूट होती. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या 25,871 जणांच्या अभ्यासात, तूट पाहून न निवडलेल्या प्रौढांना रोज 2000 युनिट डी देऊन फ्रॅक्चर कमी झाले नाहीत. गोळी तूट असणाऱ्याच्या उपयोगाची, हे या आकड्यांतून स्पष्ट दिसतं. आणि हाडं आधीच ठिसूळ झाली असतील, हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली असेल, तर एकट्या कॅल्शियमवर भागत नाही. वेगळं औषध लागतं.

[दृश्य: गोळीच्या पट्टीवरचं बारीक लेबल.]

लेबलवर एक शब्द शोधा: कॅल्सिट्रायॉल. काही कॅल्शियमच्या गोळ्यांत साध्या डी ऐवजी 0.25 मायक्रोग्रॅम कॅल्सिट्रायॉल असतं. हे डीचं तयार, सक्रिय रूप. शरीराचा नेहमीचा लगाम त्याला लागत नाही, रक्तातलं कॅल्शियम ते झपाट्याने वाढवतं. मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना ते लागतं. बाकीच्यांना साधं डी3 पुरेसं असतं. मूत्रपिंडाचा विकार, सारकॉइडोसिस (फुप्फुसांसारख्या अवयवांत सुजेच्या गाठी होणारा आजार), क्षयरोग किंवा पॅराथायरॉइड ग्रंथींची वाढ असेल तर साधं डीसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नये.

बाळाच्या थेंबांबाबतही तितकंच जपून. पहिल्या वर्षी 400 युनिट सांगितले जातात. काही बाटल्यांत ते 1 मिलिलिटरमध्ये असतात, काहींत एका थेंबात. जुन्या बाटलीचा ड्रॉपर नव्या बाटलीत वापरला की डोस कित्येक पटींनी चुकतो.

आणि ही लक्षणं ओळखून ठेवा. फार तहान लागणं, सारखी लघवी, मळमळ, भूक मरणं, बद्धकोष्ठ, अंगात त्राण नसणं, वृद्धांमध्ये गोंधळल्यासारखं वागणं. कॅल्शियम आणि डी घेणाऱ्याला यातलं काही नव्याने सुरू झालं, तर दोन्ही गोळ्या थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्तातलं कॅल्शियम आणि मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासून घ्या. जाताना सगळ्या बाटल्या, पट्ट्या, चघळायच्या गोळ्या सोबत न्या. डी चरबीत साठून राहतं, त्यामुळे त्याची विषबाधा गोळी बंद केल्यावरही कित्येक आठवडे, कधी महिनेही टिकते. एक रिपोर्ट बरा आला म्हणून तपासणी तिथेच थांबवू नका.